पिकअपला मोठे टायर आणि मोठी व्हील्स: मुंबईकर मालकांचे नेहमीचे प्रश्न

इसुझू व्ही-क्रॉस असो, टोयोटा हायलक्स असो नाहीतर जुनी टाटा झेनॉन किंवा महिंद्रा गेटअवे, गाडी घरी आली की महिन्याभरात मालकाला पहिली खाज सुटते ती टायरची. कंपनीचे टायर चाकावरच्या कमानीत बारीक दिसतात, वर एवढी जागा मोकळी दिसते, मग सुरू होतं की "जरा मोठे टाकूया का". खाली तेच प्रश्न आहेत जे सगळे विचारतात. आकडे स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघा, दुकानदाराच्या तोंडावर विश्वास ठेवू नका.

मोठं नक्की काय करायचं, टायर की रिम?

इथेच निम्म्या लोकांचा गोंधळ असतो. टायरवर २६५/६० आर१८ असं लिहिलेलं असतं. २६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे त्या रुंदीच्या ६० टक्के एवढी साइडवॉलची उंची, म्हणजे १५९ मिमी, आणि १८ म्हणजे रिमचा व्यास इंचात. रिमचे ४५७ मिमी अधिक दोन्ही बाजूचा रबर ३१८ मिमी, झाला पूर्ण व्यास ७७५ मिमी. हायलक्सच्या वरच्या व्हेरियंटला हाच टायर येतो.

आता तुम्ही २० इंची रिम टाकलं आणि उंची तेवढीच ठेवायची म्हणून २६५/५० आर२० टायर घेतला, तर व्यास येतो ७७३ मिमी. म्हणजे गाडी एक इंचसुद्धा वर गेली नाही, उलट साइडवॉल १५९ वरून १३२ वर आली. पैसे गेले ते गेले आणि खड्डा खायला जो रबर होता त्यातला अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त कमी झाला. दिसायला भारी दिसते हे कबूल, पण घोडबंदर रोडला पावसाळ्यात एकदा जाऊन या, किंवा काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक जिथे जोडलेत त्या कडेवर ६० च्या स्पीडने चाक आपटू द्या, मग कळेल रिम वाकतं म्हणजे काय आणि साइडवॉलला फुगा येतो म्हणजे काय.

म्हणून माझं मत सरळ आहे, मुंबईत राहता तर मोठं करायचं ते रबर, धातू नाही. रिम तेच ठेवा किंवा एक इंच खाली या, आणि टायर उंच घ्या.

माझ्या गाडीला काही न कापता किती मोठा टायर बसेल?

व्ही-क्रॉसला १८ इंचीत २५५/६० आर१८ येतो, व्यास ७६३ मिमी. त्याच रिमवर २६५/६० आर१८ टाकला तर ७७५ होतो, आरामात बसतो, कोणाला कळणारही नाही. परदेशात पुढच्या पिढीच्या डी-मॅक्सला (व्ही-क्रॉसचंच तिकडचं नाव) कंपनीच हा साइज देते. त्याच्या पुढची पायरी २६५/६५ आर१८, व्यास ८०२ मिमी. हा डोळ्यांना दिसतो, पण व्ही-क्रॉसमध्ये स्टेअरिंग पूर्ण फिरवल्यावर पुढच्या लाइनरला (कमानीच्या आतलं प्लॅस्टिक) किंवा मडफ्लॅपला हलकं घासण्याची शक्यता धरून चाला.

हायलक्सला तोच २६५/६५ आर१८, किंवा १७ इंची रिम असेल तर २६५/७० आर१७ (व्यास ८०३), हे दोन्ही साधारणपणे लिफ्ट न करता, म्हणजे सस्पेन्शन उंच न करता, बसतात. २८५/७० आर१७ म्हणजे ८३१ मिमी, ज्याला लोक ३३ इंची म्हणतात. तो बघून मोह होतो, पण तिथून पुढे कापाकापी, लिफ्ट, अलाइनमेंटचे प्रॉब्लेम सगळं सोबत येतं.

ढोबळ नियम म्हणून ओरिजिनल व्यासाच्या तीन-साडेतीन टक्क्यांत राहा. त्यात राहिलात तर खालचे निम्मे प्रश्न तुम्हाला पडणारच नाहीत.

ग्राउंड क्लिअरन्स किती वाढतो? दुकानदार म्हणाला दीड इंच.

व्यास जेवढा वाढतो त्याच्या अर्धाच क्लिअरन्स वाढतो, कारण उरलेला अर्धा एक्सेलच्या वर जातो. व्ही-क्रॉसला ७६३ वरून ८०२ वर गेलात तर १९ मिमी. हायलक्सला ७७५ वरून ८०२, म्हणजे १३ मिमी. दीड इंच म्हणजे ३८ मिमी, त्यासाठी व्यास ७६ मिमीने वाढवावा लागेल, म्हणजे तो टायर तुमच्या कमानीत मावणारच नाही. दुकानदाराला हा हिशोब दाखवा आणि चेहरा बघा.

घासतं म्हणजे नक्की कुठे घासतं?

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवून बघतात आणि "नाही घासत" म्हणून पैसे देऊन मोकळे होतात, ते चुकीचं आहे. घासतं ते स्टेअरिंग फुल फिरवलेलं असताना आणि सस्पेन्शन दबलेलं असताना, म्हणजे सोसायटीच्या रॅम्पवरून रिव्हर्स काढताना, स्पीडब्रेकरवर तिरकं चढताना. पुढच्या कमानीत मागच्या बाजूला जिथे बॉडी चॅसिसला बसते तो कोपरा, आतला प्लॅस्टिक लाइनर, मडफ्लॅप, आणि आतल्या बाजूला वरचा कंट्रोल आर्म, या चार ठिकाणी खडू लावून ठेवा आणि एक चक्कर मारून या, जिथला खडू गेला तिथे घासतंय.

मडफ्लॅप थोडा पुढेमागे करणं किंवा लाइनर हीटगनने दाबून घेणं हे चालतं. धातू कापायला सांगत असतील तर तो टायरच तुमच्या गाडीचा नाही असं समजा. आणि मागे घासतंय का ते हौद्यात वजन टाकून बघा, रिकाम्या पिकअपचे पाटे दबतच नाहीत मग कळणार कसं.

ऑफसेट, ईटी वगैरे काय भानगड आहे?

रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे तो आकडा म्हणजे ऑफसेट, रिमच्या आत ईटी असा कोरलेला असतो. हायलक्सचं १८ इंची रिम ७.५ इंच रुंद आणि ईटी ३० असतं. आकडा जेवढा कमी तेवढं चाक बाहेर येणार, आणि बाजारात पिकअपसाठी जी "डीप डिश" रिम्स मिळतात ती बऱ्याचदा ईटी ० नाहीतर मायनसमध्ये असतात.

हिशोब करूया. ७.५ इंच ईटी ३० काढून ९ इंच रुंद ईटी ० लावलं. ऑफसेटमुळे चाक ३० मिमी बाहेर आलं, रुंदी दीड इंच वाढली त्यातले १९ मिमी बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाहेरची कड ४९ मिमी बाहेर. दोन्ही बाजू धरून जवळजवळ दहा सेंटीमीटर रुंद झाली तुमची गाडी. चाक फेंडरच्या बाहेर, पावसात सगळा चिखल आरशावर आणि शेजारच्या बाइकवाल्याच्या अंगावर, स्टेअरिंग प्रत्येक खड्ड्यात हाताला झटका देणार, आणि व्हील बेअरिंगवर जो लोड मध्यावर यायला हवा तो बाहेरच्या बाजूला लटकणार, त्यामुळे बेअरिंग लवकर आवाज करायला लागतात. घासण्याचा प्रॉब्लेमही वाढतोच, कारण वळताना चाक मोठ्या गोलात फिरतं.

थोडं बाहेर हवं असेल तर १०-१५ मिमीपर्यंत ठीक आहे. त्याच्यापुढे फक्त फोटोसाठी.

मग स्पेसर (हब आणि रिमच्या मधली चकती) टाकून ओरिजिनल रिमच बाहेर आणली तर?

नको.

बरं थोडं सांगतो. पातळ स्पेसर टाकला की स्टडवर नटाला आटे कमी मिळतात, आणि जाड बोल्टवाला स्पेसर टाकला की आता एकाच्या जागी दोन ठिकाणचे नट घट्ट आहेत का ते बघत बसायचं, त्यातले आतले नट चाक काढल्याशिवाय दिसतही नाहीत. पंक्चरवाला ते बघणार नाही.

पीसीडी जुळलं म्हणजे रिम बसलं ना?

बसलं, पण बरोबर बसलं असं नाही. व्ही-क्रॉस, हायलक्स दोघांचं पीसीडी ६ गुणिले १३९.७ आहे, म्हणजे १३९.७ मिमीच्या गोलावर सहा बोल्ट, म्हणून एकाची रिम दुसऱ्याला जाते असं लोक सांगतात. पण मधलं भोक, म्हणजे सेंटर बोअर, हबवर बरोबर बसलं पाहिजे. मोठं असेल तर हब रिंग टाकून घ्या नाहीतर ८०-९० च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरतं आणि तुम्ही बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देत बसता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आणि कोणीच सांगत नाही, ती म्हणजे नट. टोयोटाच्या ओरिजिनल अलॉयला सपाट वॉशरवाले नट असतात, बाहेरच्या बहुतेक रिम्सना कोनासारखे टोकदार बूड असलेले नट लागतात. जुने नट नव्या रिमवर आवळले तर पाना घट्ट लागला असं वाटतं, पण नट नीट बसलेलाच नसतो आणि चाक सैल व्हायला लागतं. नवीन रिमसोबत नवीन नट घ्या, आट्यांचा साइज १२ गुणिले १.५ आहे ना ते बघून. स्टेपनीला जुनंच रिम असेल तर जुने सहा नटही गाडीत ठेवा, हे विसरतात लोक आणि मग रात्री कसाऱ्याला अडकतात.

एचटी, एटी, एमटी... मुंबईसाठी काय?

एचटी म्हणजे रस्त्याचा टायर, शांत, पावसात ब्रेक चांगला, चिखलात हात टेकतो. एमटी म्हणजे मोठे ब्लॉक, मध्ये भरपूर जागा, शेतात-चिखलात राजा. एटी मधला.

आता प्रामाणिकपणे विचार करा, तुमची गाडी आठवड्यातले सहा दिवस वेस्टर्न एक्सप्रेसवर नाहीतर इस्टर्नवर बंपर टू बंपर उभी असते. एमटी टायर ओल्या काँक्रीटवर ब्रेक मारला की हमखास लांब जाऊन थांबतो, कारण जमिनीला टेकणारा रबरच कमी असतो, आणि मुंबईचे रस्ते आता भराभर काँक्रीटचे झालेत. त्यावर एमटीचा आवाज असा येतो की मागे बसलेल्या आई-बाबांना फोनवर बोलता येत नाही. माझ्यामते मुंबईत एटी बास, तोसुद्धा जास्त आडदांड नको. योकोहामा जिओलँडर, अपोलो अप्टेरा, एमआरएफ वाँडरर, सीएट क्रॉसड्राइव्ह या सगळ्या नावांत एटी टाइप आहेत, पण नाव बघून घेऊ नका, तुमच्या साइजमध्ये आणि तुमच्या लोड इंडेक्समध्ये (टायर किती वजन उचलतो तो आकडा) कोणता येतो ते बघा, कारण तिथेच गाडी अडते.

कधी भात लावणीच्या शेतात, कधी माळशेजच्या पलीकडे असं महिन्यातून जाणं असेल तर एमटीचा विचार करा. वर्षातून एकदा लोणावळ्याला जाणाऱ्याने नाही.

रुंद टायर म्हणजे पावसात जास्त ग्रिप ना?

उलट. टायरला पाणी बाजूला सारावं लागतं, टायर रुंद झाला की त्याच वेळात जास्त पाणी सारायचं, वजन मात्र तेवढंच. म्हणून रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगायला लागतो, त्यात टायर झिजलेला असला तर बघायलाच नको. उंची वाढवा, रुंदी फार वाढवू नका, २६५ पुरे आहे. आणि ट्रेडमधल्या खाचांत जी छोटी पट्टी असते, झिजल्याची खूण, ती १.६ मिमीला असते. तिथे पोचेपर्यंत थांबू नका, मे महिन्यात टायर बघून जूनच्या आधी निर्णय घ्या.

मोठे टायर लावले तर हिंदमाताच्या पाण्यातून जाता येईल?

पाणी इंजिनात जातं ते एअर इनटेकमधून, आणि तो मोठ्या टायरने फक्त एक-दोन सेंटीमीटरच वर गेलाय. हायलक्सला कंपनी ७०० मिमी खोल पाण्यापर्यंत सांगते, तेही सावकाश आणि शांत पाण्यात. समोरून बेस्टची बस आली की तिची लाट वेगळी. अंधेरी सबवेमध्ये पाणी भरलंय तर टायर कितीचे आहेत हा प्रश्नच नाही, गाडी वळवा.

लोड इंडेक्स बघायचा की नाही? साइज बरोबर आहे ना मग झालं.

नाही झालं. टायरवर साइजच्या पुढे ११०एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. ११० म्हणजे एक टायर १०६० किलो उचलणार, ११६ म्हणजे १२५० किलो. एच म्हणजे २१० पर्यंतचा स्पीड, एस १८०, क्यू १६०. स्पीडचं अक्षर एटी-एमटीत खाली येतं, आपल्याला इथे १६० ने जायचंच नाहीये, पण लोडचा आकडा कंपनीच्या आकड्याखाली कधीच नको. ही पिकअप आहे, भरली की अडीच-तीन टनात जाते आणि त्यातला बराचसा भार मागच्या दोन टायरवर येतो.

हवा किती भरायची मोठ्या टायरमध्ये?

दाराच्या चौकटीवर जो स्टिकर आहे त्या आकड्यापासून सुरुवात करा. साध्या टायरच्या जागी एलटी, म्हणजे लाइट ट्रकचा, टायर टाकला असेल तर तेवढंच वजन उचलायला त्याला जास्त हवा लागते, स्टिकरच्या आकड्यावर ठेवलात तर आतून गरम होतो. मग सकाळी थंड टायरवर हवा बघा, ट्रेडवर आडवी खडूची रेघ मारा, थोडं सरळ चालवा, रेघ सगळीकडून सारखी पुसली गेली तर हवा बरोबर, मधूनच गेली तर जास्त, कडांवरून गेली तर कमी. नायट्रोजनच्या मागे लागू नका, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, पंधरा दिवसांनी चेक केलं तरी खूप.

स्पीडोमीटर चुकीचा दाखवतो का?

हो. टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो आणि गाडीला ते माहीत नसतं. व्ही-क्रॉसला २६५/६५ आर१८ लावला तर फरक ५ टक्के, हायलक्सला साधारण साडेतीन. आधी काटा १०० वर असताना जेवढा खरा वेग होता त्याच्यापेक्षा आता व्ही-क्रॉस ५ टक्के जास्त पळतेय. कंपनीचा काटा मुळात थोडा जास्तच दाखवतो म्हणून यातलं काही फिट्टंफाट होतं, पण त्या भरवशावर अटल सेतूवर १०० ला काटा चिकटवून जाऊ नका, सी लिंकवर तर ८० चीच लिमिट आहे, कॅमेऱ्याला तुमचा टायर साइज सांगता येत नाही. मोबाइलवर जीपीएस लावून एकदा ६०, ८०, १०० ला फरक बघून घ्या आणि डोक्यात ठेवा.

मायलेज खूप पडलं, ११ वरून १० झालं. नॉर्मल आहे?

आधी हिशोब सरळ करा. ओडोमीटर पण कमीच मोजतोय. ५ टक्के मोठा टायर असेल तर मीटरवर १०० किमी म्हणजे खरे १०५ झाले. तुमचा १० चा आकडा खरा साडेदहा आहे. बाकीचा अर्धा किमी खरोखर गेलाय, जड टायर आणि एटीच्या ब्लॉकमुळे. याची दुसरी बाजू पण आहे, सर्व्हिसचे किलोमीटर मीटरवर कमी दिसतात, तेव्हा १०,००० ला ऑइल बदलायचं असेल तर साडेनऊलाच जा.

गाडी आळशी झाल्यासारखी वाटते.

झालीच आहे. मोठा टायर म्हणजे सगळे गिअर थोडे लांब झाले, वर प्रत्येक चाकात काही किलो जास्त, आणि ते वजन फिरवायचंही असतं आणि थांबवायचंही, गमबूट घालून जिना चढल्यासारखं. हायलक्सच्या ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर टॉर्क आहे, तिला फारसं जाणवत नाही. व्ही-क्रॉसच्या १.९ लिटरला ३६० आहे, तिला बोरघाटात हौदा भरलेला असताना जाणवतं, एक गिअर खाली ठेवून चढवावी लागते.

ब्रेकचं कोणी बोलत नाही. ब्रेक डिस्क तीच, टायरची त्रिज्या ५ टक्के वाढली, म्हणजे तेवढाच पाय दाबला तर जमिनीवर ब्रेकचा जोर साधारण ५ टक्के कमी. घाट उतरताना इंजिन ब्रेकिंगवर उतरा आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

लिफ्ट किट घालू का?

टायर घासतोय म्हणून लिफ्ट, लिफ्ट केली म्हणून कॅस्टर (पुढच्या चाकांच्या अलाइनमेंटचा एक कोन) बिघडला, कॅस्टरसाठी नवीन वरचे आर्म, मग पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढला म्हणून बूट फाटले... ही साखळी संपत नाही. शहरातल्या गाडीला गरज नाही. करायचीच असेल तर पुढे दीड-दोन इंचाच्या वर जाऊ नका, स्ट्रटवर नुसता ठोकळा ठेवून वर केलेली गाडी चालवायला टणक लागते, पूर्ण स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बर बदला. आणि खालचा प्रश्न वाचा आधी.

हे सगळं कायदेशीर आहे का? आरटीओवाला पकडेल का?

मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीत असा बदल करायचा नाही ज्यामुळे आरसी बुकातली माहिती आणि कंपनीने दिलेलं मूळ स्पेसिफिकेशन जुळणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली त्यात कलम १८२ए आलं, त्यानुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्येक बदलामागे, हे नीट वाचा. टायर एक, लिफ्ट दोन, समोरचा बुलबार तीन.

"सगळेच लावतात, कोणी विचारत नाही" हे खरं आहे रस्त्यावर, पण अपघात झाला की सगळे विचारतात. सगळ्यात सुरक्षित म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनी जो साइज देते तो घेणं, उदाहरणार्थ हायलक्सला १८ इंची काढून १७ इंचीवर २६५/६५. व्यास तोच राहतो, १ मिमीचा फरक, आणि साइडवॉल १३ मिमीने वाढते. मुंबईच्या खड्ड्यांसाठी मला विचाराल तर हाच सगळ्यात शहाणा बदल, फक्त फोटोत दिसत नाही म्हणून कोणी करत नाही. तरी रिम कंपनीची किंवा त्याच ऑफसेटची घ्या. चाक मडगार्डच्या बाहेर आलं की ट्रॅफिक हवालदाराला लांबूनच दिसतं.

माझी पिवळ्या नंबर प्लेटची आहे, बोलेरो पिकअप. चालेल?

हात लावू नका. मालवाहू गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये टायरची संख्या, साइज, प्लाय रेटिंग लिहायची जागाच असते, आणि तुम्हाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी पासिंगला जायचंय. ताडदेव असो, वडाळा असो की कळंबोली-पनवेल, तिथे नाही चालणार.

इन्शुरन्स आणि वॉरंटी?

नवीन रिम्स पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून जाहीर करता येतात, किंमत आयडीव्हीमध्ये (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) जोडली जाते, थोडा प्रीमियम वाढतो. न सांगता लावलेल्या रिमचे पैसे चोरी झाल्यावर मिळत नाहीत. स्पेसिफिकेशनबाहेरचा साइज असेल तर अपघाताच्या क्लेममध्ये सर्व्हेअर तोच मुद्दा काढू शकतो, म्हणून आधी ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा, एजंटने फोनवर सांगितलेलं "हो चालतंय" कामाचं नाही. वॉरंटीत बेअरिंग, सस्पेन्शन, ड्राइव्ह शाफ्ट यांवर कंपनी हात वर करू शकते, इंजिनवर टायरचं कारण सांगणं त्यांना कठीण आहे.

चार घेऊ की पाच?

पाच. फोर बाय फोरमध्ये तर नक्कीच. चार चाकं एका व्यासाची आणि एक बारीक असं करून फोर एच (चारही चाकांना ताकद देणारा मोड) लावलंत तर पुढचा आणि मागचा एक्सेल एकमेकांशी भांडतात, कारण या गाड्यांत मध्ये डिफरन्शिअल नसतो, ट्रान्सफर केसवर ताण येतो. बजेट नसेल तर जुनी स्टेपनी फक्त टू व्हील ड्राइव्हमध्ये, सावकाश, पंक्चरवाल्यापर्यंत. आणि घेण्याआधी मोठा टायर हौद्याखालच्या जागेत मावतो का ते मोजा, तो सायलेन्सरला किंवा बंपरला टेकतो बऱ्याचदा. पाचही असतील तर १० हजार किमीला पाचही फिरवा.

कुठून घ्यायचे? सीएसटी रोडला सेकंडहँड स्वस्त मिळतात.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला रिम्स बघायला मजा येते आणि कधीकधी कंपनीच्या काढलेल्या चांगल्या रिम्स मिळतातही, मशीनवर फिरवून, आतल्या बाजूने वेल्डिंग केलेली नाही ना ते बघून घ्या, रंग ताजा असेल तर संशय घ्या. टायर मात्र सेकंडहँड घेऊ नका. साइडवॉलवर चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. नवीन म्हणून विकलेल्या टायरवर पण हे बघा, मोठे साइज दुकानात पडून राहतात. जून २०२० पासून टायरची आयात सरकारने मर्यादित केली, म्हणून परदेशी ब्रँडचे पिकअप साइज कधी मिळतात कधी नाही, मग जे येतात ते कुठून आले आणि किती जुने आहेत याची चौकशी जास्तच करायची. बिल पक्कं घ्या, त्यावर साइज आणि आठवडा लिहून घ्या.

फिटिंगच्या दिवशी काय बघू?

न्युमॅटिक गनने धडाधड नट आवळू देऊ नका, शेवटचं आवळणं टॉर्कच्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर, क्रॉसमध्ये. गाडीत टायर प्रेशरचे सेन्सर असतील तर जुन्या रिममधून काढून नव्यात घालायला सांगा, नाहीतर ते दुकानातच राहतात. अलाइनमेंटचा प्रिंट मागा. आणि ५० ते १०० किमी झाल्यावर नट परत एकदा तपासा, नवीन रिम बसते तसे नट थोडे ढिले होतात. हे एक काम नव्वद टक्के लोक करत नाहीत, आकडा अंदाजाने बोलतोय पण तुम्ही स्वतःला विचारा.

सोसायटीत पझल पार्किंग आहे.

मग टेप घेऊन खाली जा. पॅलेटवर चाक जायला दोन बाजूला पत्र्याची कड असते, बाहेर आलेलं चाक त्या कडेवर चढतं आणि रिमला ओरखडा पडतो किंवा टायरची साइडवॉल चिरते. उंची आणि वजनाची लिमिट मशीनवर लिहिलेली असते. या गाड्या तशाच ५.३ मीटर लांब आहेत, बऱ्याच पॅलेटवर मुळातच बसत नाहीत. सेक्रेटरींना आधी विचारा, नंतर नोटीस येण्यापेक्षा बरं.

काशीदला नाहीतर नागावला वाळूत घालायची आहे, एटी टायर पुरतील ना?

बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी घालायला बंदी आहे, आधी ते बघा. जिथे परवानगी आहे तिथे टायरच्या डिझाइनपेक्षा हवा कमी करणं जास्त कामाचं, १८ पीएसआयच्या आसपास आणा, टायर लांब पसरतो आणि गाडी वर राहते. इथे पण उंच साइडवॉल जिंकते, २० इंचीवाला तेवढी हवा कमी करूच शकत नाही. परत हवा भरायचा कॉम्प्रेसर सोबत हवा, रो-रो बोटीच्या लाइनीत १८ पीएसआयवर उभे राहू नका. घरी आल्यावर रिमच्या आतून गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी नटांवर बसतं.

जुना कंपनीचा सेट विकून टाकू? चांगले पैसे देतोय दुकानदार.

टायर विका, हरकत नाही, ते पडून कडकच होणार. रिम्स आणि नट ठेवा. गाडी विकताना, वॉरंटीच्या कामाला किंवा आरटीओत काही निघालं तर त्याच लागतात, आणि गाडी घेणारा पण ओरिजिनल रिम आहेत का हे विचारतोच. घरात जागा नसेल तर गावाला पाठवा, आडव्या रचून, मध्ये पुठ्ठा घालून.